जागा नसलेल्या साइटवर राडारोडा वेगळा कसा ठेवायचा

दाटीवस्तीतल्या साइटवर राडारोड्याची जबाबदारी नव्याने अंगावर आली की पहिली अडचण येते ती जागेची. एका अंगाला शेजारच्या इमारतीची भिंत, दुसऱ्या अंगाला रस्ता, मध्ये जेमतेम एक डंपर वळेल एवढी मोकळीक. काँक्रीट, विटा आणि लाकूड यांचे वेगवेगळे ढीग करायला मोठं मैदान लागतं, आणि इथे तर एकच ढीग कसाबसा बसतो. म्हणून सगळं एकत्र भरलं जातं आणि ‘पुढे प्लँटवाले वेगळं करतील’ असं म्हणून गाडी सुटते.

प्लँटवाले, म्हणजे राडारोडा दळून पुन्हा वापरायची खडी करणारे, सगळं वेगळं करू शकत नाहीत. चुंबकाने लोखंड निघतं, हवेच्या झोताने प्लास्टिक आणि कागद उडतो, पाण्यावर लाकूड तरंगतं. पण काँक्रीटच्या तुकड्यांना माखलेली जिप्समची भुकटी कोणतंही यंत्र परवडेल अशा खर्चात पूर्ण काढू शकत नाही. ॲस्बेस्टॉसचा एक फुटका पत्रा गाडीत सापडला तर अख्खी गाडी धोकादायक ठरते. राडारोडा पुन्हा वापरात येणार की नाही, हे क्रशरवर, म्हणजे प्लँटच्या दळणाऱ्या यंत्रावर, ठरत नाही. ते साइटवर, पहिला हातोडा पडतो त्या दिवशीच ठरतं.

मग जागा नसताना वेगळं कसं करायचं? वेळ वापरून. एका वेळी एकच माल काढायचा, तो साइटबाहेर गेला की पुढच्याला हात लावायचा. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एकाच तत्त्वावर उभ्या आहेत.

पायरी १: इमारत खोलीखोलीने पाहून घ्या

पाडकाम सुरू होण्याआधी वही, टेप, छोटी हातोडी, एक मोठा खिळा आणि चुंबक घेऊन सगळ्या मजल्यांवरून फिरा. प्रत्येक खोलीत जमीन, भिंती, छत, दारं-खिडक्या, पाइप, वायर आणि फिटिंग या क्रमाने काय आहे ते लिहा. नकाशावर विसंबू नका. वापरणाऱ्यांनी वर्षानुवर्षं भिंती हलवलेल्या असतात, जुन्या फरशीवर नवी बसवलेली असते, छताखाली आणखी एक छत केलेलं असतं.

खिळ्याचा उपयोग प्लास्टर ओळखायला होतो. जिप्समचं प्लास्टर पांढरं असतं आणि खिळ्याने सहज ओरखडतं, सिमेंटचं राखाडी आणि कडक असतं. विटांच्या सांध्यातला मसालाही असाच खरवडून बघा. चुन्याचा मसाला भुगा होऊन गळतो, आणि तसा गळत असेल तर आनंदाची गोष्ट आहे: त्या विटा अख्ख्या सुट्या होतील आणि साफ करून पुन्हा भिंतीत लावता येतील. सिमेंटच्या मसाल्यात बांधलेली वीट बहुतेक वेळा सांध्याऐवजी स्वतःच फुटते, कारण मसाला विटेपेक्षा मजबूत असतो. अशा विटांचा चुराच होणार हे गृहीत धरून चला. चुंबकाने खिडकीची चौकट लोखंडी की ॲल्युमिनियमची ते कळतं. रंगाच्या थराखाली दोन्ही सारखीच दिसतात.

आता वजनाचा अंदाज. त्यासाठी फार गणित लागत नाही. आरसीसीचं (सळया घातलेल्या काँक्रीटचं) वजन घनमीटरला साधारण २४०० किलो धरा. म्हणजे १५० मिलिमीटर जाडीचा स्लॅब चौरस मीटरला ३६० किलो भरतो. अर्ध्या विटेची भिंत दोन्ही बाजूंच्या प्लास्टरसकट चौरस मीटरला साधारण २५० ते २८० किलो. तोडल्यावर वजन तेवढंच राहतं, पण आकारमान दीडपट ते पावणेदोनपट होतं, कारण तुकड्यांमध्ये हवा शिरते. १० घनमीटर काँक्रीट तोडलं तर १५ ते साडेसतरा घनमीटरचा ढीग समोर असेल. नवख्या माणसाची गाड्यांची मोजणी इथेच चुकते. गाडीचा हौदा किती घनमीटरचा आणि ती किती टन ओढू शकते, दोन्ही विचारा. काँक्रीट भरताना वजनाची मर्यादा आधी गाठली जाते, जिप्सम किंवा लाकूड भरताना हौदा आधी भरतो.

पायरी २: धोकादायक वस्तू सर्वांत आधी, शाबूत

ॲस्बेस्टॉस नुसतं पाहून ओळखता येत नाही. सिमेंटचे पन्हाळी पत्रे, जुने सिमेंट पाइप, पाण्याच्या टाक्या, गरम पाइपांवरचं जाड आवरण, जुन्या व्हिनाइल टाइल्स आणि त्यांच्याखालचा काळा गोंद यांपैकी काहीही दिसलं तर ते ॲस्बेस्टॉसच आहे असं समजून थांबा. नमुना प्रशिक्षित माणसाकडून घ्या आणि प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्या. अहवाल येईपर्यंत त्या भागात कोणी तोडफोड करायची नाही. ॲस्बेस्टॉस निघालंच तर ते काढण्याचं काम परवाना असलेल्या प्रशिक्षित पथकाचं आहे. पत्रा ओला ठेवून, न फोडता उतरवणं, प्लास्टिकच्या दुहेरी आवरणात बांधणं, वर स्पष्ट लेबल लावणं हे सगळं तेच करतील. ॲस्बेस्टॉसच्या तंतूंनी होणारा फुप्फुसांचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा (फुप्फुसांभोवतीच्या आवरणाचा कर्करोग) कित्येक दशकांनी समोर येतो. त्यामुळे आज कोणाला काही झालं नाही म्हणून ‘चालतं’ असा निष्कर्ष कधीही काढू नका.

जुन्या ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, त्या न फोडता खोक्यात उभ्या ठेवा. एसी उतरवण्यापूर्वी तंत्रज्ञाकडून त्यातला वायू सिलिंडरमध्ये काढून घ्या, पाइप कापून तो हवेत सोडू नका. जुन्या दारा-खिडक्यांच्या रंगात शिसं असू शकतं. असं लाकूड साइटवर जाळायचं नाही आणि कोरडं घासायचंही नाही.

पायरी ३: तोडण्याआधी घेणारा ठरवा

बरेच जण आधी तोडतात आणि मग फोन फिरवतात. तोपर्यंत ढीग रस्त्यावर आलेला असतो आणि जो पहिला ‘हो’ म्हणेल त्याला माल जातो. त्यापेक्षा यादी हातात आली की प्रत्येक मालासाठी घेणारा नक्की करा आणि त्याच्या अटी लिहून घ्या. काँक्रीटच्या प्लँटला विचारा: तुकडा जास्तीत जास्त केवढा चालेल? सळई बाहेर आलेली चालते का? विटा किती टक्क्यांपर्यंत मिसळलेल्या चालतात? माती चालते का? जिप्सम दिसलं तर गाडी परत पाठवता का? वजनाची पावती मिळते का? ती केवढ्या वेळात मिळते?

या उत्तरांवरून तुमचं तोडकाम ठरतं. प्लँट ५०० मिलिमीटरपर्यंतचा तुकडा घेत असेल तर साइटवर त्याहून बारीक करण्यात डिझेल आणि शेजाऱ्यांची शांतता का घालवायची? उलट सळईसकट तुकडे तो घेत नसेल तर कटिंगसाठी वेगळा वेळ धरावा लागेल. शक्य असेल तर त्या प्लँटवर एकदा स्वतः जाऊन या. आलेल्या गाड्या कुठे रिकाम्या होतात, मिसळलेला माल वेगळा ठेवतात का, तयार खडीचे ढीग आकारानुसार पडलेत का, हे पाहिलं की तो खरंच पुनर्वापर करतो की नुसतं एखादं खोलगट शेत भरून काढतो, ते लगेच कळतं.

पायरी ४: तोडण्याचा क्रम

इथे सावकाश वाचा. माझ्या मते निम्म्याहून जास्त काम या एका पायरीत आहे.

इमारत बाहेरून आत नव्हे, हलक्याकडून जडाकडे सोडवायची. पहिल्या फेरीत अख्ख्या निघणाऱ्या वस्तू: दारं, चौकटी, खिडक्या, ग्रिल, कठडे, बेसिन, नळ, पंखे, ओट्याचे दगड. यांचा पुनर्वापर करताना वितळवणं, दळणं काहीच लागत नाही. दार दार म्हणूनच दुसरीकडे जातं. हे काम स्क्रू काढून करायचं, पहार घालून नाही. वेळ थोडा जास्त जातो, पण चिरलेल्या चौकटीला कोणी घेणारा नसतो. वीज आणि पाणी मुख्य जोडणीपासूनच बंद झाल्याची लेखी खात्री झाल्याशिवाय वायर-पाइपला हात लावायचा नाही. ती झाली की तांब्याच्या वायर, पीव्हीसी पाइप, लोखंडी पाइप अशा वेगवेगळ्या गोण्या भरून खाली आणायच्या.

दुसरी फेरी जिप्समची, आणि ती पूर्ण इमारतभर एकदाच. फॉल्स सीलिंग, पार्टिशनचे बोर्ड, पीओपीची नक्षी, कॉलम-बीमवरचं जिप्सम प्लास्टर. याची एवढी घाई का? जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, आणि ते पाण्यात थोडंथोडं विरघळतं. नव्या काँक्रीटमध्ये खडीबरोबर गेलं तर त्यातलं सल्फेट सिमेंटमधल्या ॲल्युमिनेटशी संयोग पावून एट्रिंजाइट नावाचं संयुग तयार करतं. हे संयुग कडक झालेल्या काँक्रीटमध्ये वाढू लागलं की फुगतं आणि काँक्रीटला आतून तडे पाडतं. कचरा डेपोत गेलं तर हवा नसलेल्या ओल्या थरात जिवाणू त्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो आणि जास्त प्रमाणात तो जीवघेणा असतो. पण हेच जिप्सम कोरडं आणि स्वच्छ असेल तर दळून, भाजून पुन्हा बोर्ड बनवायला जातं. म्हणून ते भिजू द्यायचं नाही, ताडपत्रीखाली ठेवायचं आणि धूळ बसवायला मारलेलं पाणी त्यावर पडणार नाही हे बघायचं.

जिप्सम पूर्ण बाहेर गेल्यावर फरशा, टाइल्स आणि गच्चीवरचं वॉटरप्रूफिंग. डांबराचा थर असेल तर तो काँक्रीटमध्ये जाता कामा नये, तो आधी खरवडून घ्या. काचांचंही तसंच. काँक्रीटच्या खडीत काच मिसळली तर तिच्यातली सिलिका सिमेंटमधल्या अल्कलीशी संयोग पावते आणि काँक्रीट हळूहळू फुगून तडकू शकतं.

मग भिंती. आरसीसी सांगाड्याच्या इमारतीत विटांच्या किंवा ब्लॉकच्या भिंती नुसत्या भरावाच्या असतात, म्हणून सांगाडा उभा असतानाच वरच्या मजल्यापासून खाली त्या काढता येतात. यामुळे विटा विटांच्या गाडीत आणि काँक्रीट काँक्रीटच्या गाडीत जातं. पाडकामाच्या यंत्राने भिंती-सांगाडा एकदम पाडला की हे शक्य राहत नाही. मात्र भार पेलणाऱ्या भिंतींच्या इमारतीत असं करणं जिवावर बेतेल. कोणती भिंत कधी काढायची हा निर्णय स्ट्रक्चरल इंजिनीअरचा, तुमचा किंवा मुकादमाचा नव्हे. एएसी ब्लॉक (आत हवेचे बुडबुडे असलेले सिमेंटचे ब्लॉक) दिसायला काँक्रीटसारखे असले तरी सच्छिद्र आणि हलके असतात, खडीच्या ढिगात त्यांना जागा नाही.

शेवटी उरतो नुसता सांगाडा. आता स्लॅब, बीम, कॉलम यांतून स्वच्छ काँक्रीट आणि सळया एवढंच निघतं. साइटवरचा हा सर्वांत जड माल, आणि आधीच्या फेऱ्या नीट झाल्या असतील तर सर्वांत शुद्धही तोच. सळई फोडलेल्या काँक्रीटमधून ओढून काढा, लांबी कापा, गाठोडी बांधा. वाकलेली सळई सरळ करून नव्या स्लॅबमध्ये वापरायचा मोह होतो. तो टाळा. तिची ताकद आणि ताण सहन करण्याची क्षमता तपासल्याशिवाय सांगता येत नाही. भट्टीत वितळून नवी सळई व्हायला मात्र ती उत्तम आहे.

जपानने २००० साली केलेल्या कायद्यात नेमकं हेच तत्त्व धरलं. ८० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त मजला-क्षेत्राच्या इमारतीचं पाडकाम असेल तर काँक्रीट, डांबरी काँक्रीट आणि लाकूड साइटवरच वेगळं काढणं तिथे बंधनकारक झालं. ‘इतके टक्के पुनर्वापर करा’ एवढंच सांगून न थांबता त्यांनी तोडण्याची पद्धत कायद्यात घातली. दाट वस्तीच्या शहरांनी भरलेल्या देशात ते चाललं, म्हणून ‘आमच्याकडे जागाच नाही’ हे कारण मला पुरेसं वाटत नाही.

पायरी ५: ढीग स्लॅबवर रचू नका

ही सूचना पुनर्वापराची कमी आणि जीव वाचवण्याची जास्त आहे. राहत्या घराचा स्लॅब साधारण २ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर वापरभारासाठी आखलेला असतो, म्हणजे चौरस मीटरला सुमारे २०० किलो. मोकळा राडारोडा घनमीटरला १३०० किलो धरला तर फक्त १५ सेंटिमीटर उंचीचा थरच ती मर्यादा गाठतो. गुडघाभर ढीग म्हणजे तिप्पट भार, आणि जुन्या गंजलेल्या स्लॅबची ताकद तर आणखी कमी झालेली असते. गाडी आली नाही म्हणून माल वरच साठवून ठेवणं हे मजला कोसळण्याचं थेट कारण ठरू शकतं. गाडीची वेळ चुकली तर तोडकाम थांबवा.

वरून माल उतरवायला बंद शूट (माल खाली सोडायची नळी) वापरा. खालचं तोंड ताडपत्रीने झाका आणि भोवती माणसं फिरकणार नाहीत असा अडसर लावा. एका दिवशी शूटमधून एकच माल: आज विटा तर आज फक्त विटा. माल बदलताना शूट झाडून घ्या.

धुळीबद्दल थोडं कडक बोलतो. काँक्रीट, वीट, टाइल्स, दगड कापताना उडणाऱ्या धुळीत स्फटिकरूप सिलिका असते. यातले डोळ्याला न दिसणारे कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि सिलिकॉसिस होतो. त्यावर बरा करणारा इलाज नाही. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये ठरवलेली मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅम इतकी आहे. कोरड्या कटिंगमध्ये ती बघता बघता ओलांडली जाते. ब्रेकर आणि कटरच्या तोंडावरच पाण्याची बारीक फवारणी हवी. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा गमछा हे कण अडवत नाही, एन९५ किंवा त्याहून चांगला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क द्या. झाडूने कोरडं झाडण्याऐवजी ओलं करून गोळा करा.

पायरी ६: थोड्या जागेची मांडणी

खाली दोनच जागा राखा. एक मोठी, ‘आजच्या मालाची’. तिच्यावर आज काय येणार याची पाटी चित्रासकट लावा, कारण कामावरच्या सगळ्यांना एकच भाषा वाचता येईल असं नाही. दुसरी अगदी छोटी, चुकून मिसळलेल्या मालासाठी. ती मुद्दाम छोटी ठेवायची. मोठी ठेवली की सगळंच तिच्यात जातं. रोज संध्याकाळी त्या छोट्या कप्प्यात डोकावून बघा: आज विटांच्या दिवशी तिथे जिप्सम सापडलं तर कोणत्या खोलीत फेरी अपुरी राहिली ते लगेच कळेल.

वायर, धातूचे तुकडे, प्लास्टिक असा हलका पण किमती माल जंबो बॅगमध्ये भरून तळमजल्याच्या एखाद्या उभ्या, कुलूपबंद खोलीत ठेवा. लाकडातले खिळे त्याच दिवशी काढा. गाड्या ठरलेल्या वेळेलाच येतील असं बघा आणि निघताना ताडपत्री बांधून, टायर धुऊन सोडा. रस्त्यावर सांडलेली खडी दुचाकीवाल्याचा जीव घेऊ शकते.

पायरी ७: माणसं आणि करार

पाडकामाच्या ठेकेदाराला एकरकमी पैसे ठरले असतील आणि करारात वेगळं काढण्याचा उल्लेखही नसेल तर त्याच्यासाठी सर्वांत भरभर तोडणंच फायद्याचं. नुसती विनंती करून हे बदलत नाही. करारात फेऱ्यांचा क्रम लिहा, प्रत्येक फेरी संपल्यावर तुमची तपासणी आणि मगच पुढच्या टप्प्याचे पैसे, असं बांधा. भंगाराचं उत्पन्न कोणाचं, हे आधीच स्पष्ट करा. काम करणाऱ्या टोळीला त्यातला वाटा मिळाला तर तांबं आणि ॲल्युमिनियम राडारोड्यात हरवत नाही, हे मी ठामपणे सांगेन. रोज सकाळी काम सुरू करण्यापूर्वी मुकादमाशी पाच मिनिटं: आज काय काढायचं, कुठे ठेवायचं, कशाला हात लावायचा नाही.

पायरी ८: क्रशर साइटवर की बाहेर, आणि त्या खडीचं काय करायचं

छोटे, चाकांवरचे किंवा पट्ट्यांवरचे जॉ क्रशर मिळतात. मोठ्या भूखंडावर ते फायद्याचे, कारण खडी तिथेच भरावात किंवा तात्पुरत्या रस्त्यात जिरते आणि गाड्यांच्या दोन्ही फेऱ्या वाचतात. पण खिडकीला खिडकी लागलेल्या वस्तीत आवाज, कंप आणि धूळ यांमुळे बहुतेक वेळा बाहेरचा प्लँटच शहाणपणाचा ठरतो. तिथे जॉ किंवा इम्पॅक्ट क्रशर, चुंबकाचा पट्टा, वेगवेगळ्या आकाराच्या चाळण्या आणि चांगल्या ठिकाणी पाण्याने धुण्याची सोय असते. धुतल्यावर गाळ निघून जातो आणि वाळूसारखा बारीक माल वेगळा मिळतो.

तयार खडी आणि नैसर्गिक खडी यांत एक मूलभूत फरक आहे: पुनर्वापरातल्या खडीच्या दाण्याला जुन्या मसाल्याचा थर चिकटलेला असतो. तो सच्छिद्र असल्याने पाणी पितो. चांगल्या नैसर्गिक खडीचं पाणी शोषण बहुधा एक-दोन टक्क्यांच्या आत असतं, काँक्रीटपासून केलेल्या खडीचं बऱ्याचदा ३ ते ८ टक्के. कोरडी खडी मिक्सरमध्ये टाकली की ती मिश्रणातलं पाणी ओढून घेते, काँक्रीट घट्ट होतं आणि कामगार वरून पाणी ओततात. तिथेच मजबुती जाते. उपाय सोपा आहे: खडी आदल्या दिवशी भिजवून, पृष्ठभाग कोरडा झाल्यावर वापरा आणि रोज तिची ओल मोजून मिश्रणाचं पाणी ठरवा.

दर्जाही एकसारखा नसतो. जपानी मानकांमध्ये पुनर्वापरातल्या खडीचे तीन वर्ग आहेत: पाणी शोषण ३ टक्क्यांपर्यंत असलेली उच्च दर्जाची, ५ टक्क्यांपर्यंतची मध्यम आणि ७ टक्क्यांपर्यंतची हलक्या कामाची. भारतीय मानक आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीत काँक्रीटपासून केलेली खडी एम२५ या मजबुतीच्या श्रेणीपर्यंतच्या आरसीसीत २० टक्क्यांपर्यंत आणि साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत घेता येते. वीट-मसाला मिसळलेल्या खडीला मात्र फक्त लीन, म्हणजे कमी सिमेंटच्या, काँक्रीटची परवानगी आहे. क्रमाने तोडण्याचा व्यवहारी अर्थ इथे दिसतो. तेच काँक्रीट विटांपासून वेगळं ठेवलं तर स्लॅबपर्यंत जाऊ शकतं, मिसळलं तर पायाखालच्या थरातच अडकतं.

नवख्याने सुरुवात कुठे करावी? पायाखालचा पीसीसी (बिनसळईचं साधं काँक्रीट), पाइपांखालचं बेडिंग, रस्त्याचा खालचा थर, पेव्हर ब्लॉक, कर्ब, भराव. इथे जोखीम कमी आणि खप मोठा. फक्त विहीर, नाला किंवा झाडांच्या मुळांजवळ ताजी दळलेली काँक्रीटची खडी उघडी भरू नका, कारण तिच्यातून झिरपणारं पाणी अल्कधर्मी असतं. आरसीसीसाठी वापरायची असेल तर डिझाइन करणाऱ्या इंजिनीअरची लेखी संमती, प्रत्येक खेपेची चाचणी आणि क्यूब टेस्ट (काँक्रीटचा ठोकळा दाबून मजबुती तपासणं) याशिवाय पुढे जाऊ नका.

पायरी ९: नवं बांधकाम सुरू झाल्यावर

आता माल कमी निघतो, पण तो चोरपावलांनी निघतो. उरलेलं ओलं काँक्रीट सर्वांत वाईट: ते कोपऱ्यात ओतलं की दुसऱ्या दिवशी ब्रेकर लागतो. ओतकामाच्या दिवशी कव्हर ब्लॉक (सळयांखाली ठेवायचे छोटे ठोकळे), कर्ब किंवा नालीच्या झाकणांचे साचे तेल लावून तयार ठेवा. मिक्सर आणि पंप धुतलेल्या पाण्याचा सामू (पीएच) १२ च्या आसपास असतो, त्वचा भाजते आणि नाल्यातलं जीवन मरतं. ते टाकीत साठवा, गाळ बसू द्या, वरचं पाणी पुन्हा धुण्यासाठी वापरा.

टाइल्सचे तुकडे बहुतांश मांडणीतून निर्माण होतात. पहिली टाइल बसवण्यापूर्वी खोलीचा आराखडा काढून कट कुठे येतील ते ठरवलं, तर कापलेला अर्धा तुकडा समोरच्या कडेला बसतो. सळयांचंही तसंच, बेंडिंगच्या यादीतून लांब्या जुळवून कापल्या की शेवटचे तुकडे कमी उरतात. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या झटकून गठ्ठे बांधा. थर्मोकोल आणि पॅकिंग पुरवठादाराने परत न्यावं, असं खरेदीच्या ऑर्डरमध्येच लिहा.

पायरी १०: वजन, पावती, नोंद

प्रत्येक गाडीची एक ओळ: तारीख, माल, गाडीचा क्रमांक, भरलेलं आणि रिकामं वजन, कुठे गेली, तिथल्या वजनकाट्याची पावती. भरलेल्या हौद्याचा फोटो काढा, वरून, ताडपत्री बांधण्यापूर्वी. साइटवरून निघाल्याची आणि प्लँटवर पोहोचल्याची वेळ जुळवा. दोन्हींत विनाकारण तासाचा फरक दिसला तर गाडी वाटेत कुठे रिकामी झाली का, ते त्याच दिवशी विचारा. नाल्याकाठी रात्री टाकलेल्या राडारोड्याने पावसाळ्यात वस्ती बुडते, आणि ती गाडी तुमच्या साइटवरून निघालेली असते.

आकडे लिहिताना ‘पुन्हा माल म्हणून वापरला’ आणि ‘भरावात घातला’ हे रकाने वेगळे ठेवा. युरोपीय संघाने २००८ च्या निर्देशात बांधकामाच्या बिनधोक कचऱ्यापैकी २०२० पर्यंत ७० टक्के पुन्हा उपयोगात आणण्याचं उद्दिष्ट ठेवलं, त्यात भरावही धरला जातो. त्यामुळे आकडा मोठा दिसतो. तुमच्या वहीत मात्र खड्डा भरलेलं काँक्रीट आणि नव्या काँक्रीटमध्ये गेलेलं काँक्रीट एकाच ओळीत येऊ देऊ नका. पहिल्या पायरीत काढलेला वजनाचा अंदाज आणि पावत्यांची बेरीज दर आठवड्याला शेजारी मांडा. एखाद्या मालात २० टक्क्यांहून जास्त तफावत आली तर एक तर मोजमाप चुकलंय किंवा माल दुसऱ्या गाडीत मिसळून गेलाय. पुढच्या मजल्याला हात लावण्याआधी त्यातलं काय झालंय ते शोधा.